परदेशातल्या दत्तक पालकांची फाइल कलेक्टर ऑफिसात अडकलीय, निवेदन कोणाला आणि कसं द्यायचं?

डिचोलीकरीण

नमस्कार, जरा लांबलचक लिहितेय पण कुठे विचारायचं तेच कळत नाहीये. माझा धाकटा भाऊ आणि वैनी इंग्लंडला स्विंडनला असतात, तिकडे आपले गोंयकार किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. दोघांचे पासपोर्ट ब्रिटिश, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे. त्यांनी भारतातूनच मूल दत्तक घ्यायचं ठरवलं आणि सगळं रीतसर केलं. तिकडच्या सोशल वर्करने घरी येऊन होम स्टडी केला, नातेवाईकांना मित्रांना फोन करून चौकशी केली, तिकडच्या सरकारचं पात्रतेचं सर्टिफिकेट मिळालं, मग दिल्लीच्या कारामध्ये, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेत, नोंदणी, आणि खूप वाट बघून घाटावरच्या एका जिल्ह्यातल्या संस्थेतला मुलगा त्यांना दाखवला. साडेतीन वर्षांचा आहे, जन्मापासून ऐकू फार कमी येतं. या दोघांनी एका दिवसात हो म्हटलं.

काराची एनओसी चवथीच्या आधीच आली. आम्हाला वाटलं आता झालंच, आईने तर दिवाळीला नातू घरी म्हणून सगळ्यांना सांगून टाकलं. नंतर दत्तकाच्या शेवटच्या ऑर्डरसाठी फाइल गेली जिल्हाधिकारी कार्यालयात आणि तिथून काही हलेना. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये, मग साहेबांची बदली झाली, मग नवीन साहेब अजून फाइली बघतायत, मग इलेक्शनचं काम. संस्थेवाले चांगले आहेत पण तेही म्हणतात आमच्या हातात काही नाही. भाऊ आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल करतो, त्या पोराला आवाज धड ऐकू येत नाही तर तो फोनच्या मागच्या बाजूला तळहात दाबून धरतो, आवाजाची थरथर लागते ना हाताला, आणि हसतो. वैनी कॉल ठेवला की तासभर कोणाशी बोलत नाही.

आता अशाच अडकलेल्या पालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप झालाय, कोणी अमेरिकेत कोणी इटलीत कोणी स्पेनमध्ये. ते सगळे मिळून केंद्रीय मंत्री, कारा, पंतप्रधान कार्यालय सगळ्यांना एकच निवेदन पाठवायचं म्हणतायत, सोबत ऑनलाइन सह्यांची मोहीम, त्यात मुलांचे फोटो टाकायचे म्हणजे लोकांना पाझर फुटेल. भाऊ मला विचारतोय तू तिथे आहेस तर पणजीला कोणाला भेटता येईल का.

माझे प्रश्न असे की अशा निवेदनाने खरंच फरक पडतो का, की अधिकारी चिडून फाइल आणखी खाली ठेवतात? लिहायचं कोणाला? आणि मी इथे गोव्यात बसून काय करू शकते? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

म्हापशाची आई

ताई, वाचून पोटात कालवलं. आमची मुलगी दत्तक आहे, आमची केस देशातल्या देशात होती तरी वाट बघणं काय असतं ते चांगलंच माहीत आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट, त्या ग्रुपला आजच्या आज सांग, मुलांचे फोटो कुठेही टाकू नका. नाव नको, संस्थेचं नाव नको, शाळा नको, गाव नको. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी विचार कर, अजून ऑर्डर झालेली नाही म्हणजे ते मूल कायद्याने अजून तुमच्या भावाचं नाही, त्याचा फोटो जगभर फिरवायचा हक्क आपल्याला कोणी दिला? उद्या मोठा झाल्यावर त्याने स्वतःचा चेहरा सह्यांच्या मोहिमेत बघायचा का? हे मी जरा तापूनच लिहितेय कारण अशा पोस्ट मी बघितल्यात आणि मला ते सहनच होत नाही.

दुसरं, फाइल नेमकी कुणाच्या टेबलावर आहे ते शोधा. जिल्हाधिकारी कार्यालयात आहे असं सगळे म्हणतात पण कधी कधी ती जिल्हा बाल संरक्षण कक्षातच कागदपत्रं तपासायला पडलेली असते, संस्थेकडून आधी तिथे जाते आणि तिथून कलेक्टरकडे. केंद्रीय मंत्र्यांना पत्र लिहून ती फाइल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात नाही गं.

पणजीला महिला व बालविकास संचालनालय आहे, जाऊन भेटायला हरकत नाही, पण मूल महाराष्ट्रात आहे तर आपल्या गोव्याच्या लोकांच्या हातात काही अधिकार नाही. एनआरआय आयुक्तांचं ऑफिसही पणजीत आहे, तिथून एखादं पत्र पुढे गेलं तर वजन पडतं, तेवढं करून बघ.

निवृत्त कारकून फोंडा

मी महसूल खात्यात आयुष्य काढलं, गोव्यातच, पण कलेक्टर ऑफिस इकडचं काय तिकडचं काय, काम करायची तऱ्हा सारखीच. तेव्हा निवेदन हातात आल्यावर आत काय होतं ते सांगतो.

ऑनलाइन सह्यांचं प्रिंटआउट येतं, पन्नास पानं. आवक क्रमांक पडतो, शिक्का पडतो, आणि कुठल्या टेबलाचं ते कळत नाही म्हणून 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून खाली जातं, तिथून आणखी खाली. यात कुणाच्या मनात वाईट नसतं हो, पण ज्या कागदात कोणती फाइल, कुठला नंबर, आणि आम्ही नक्की काय करायचं हे लिहिलेलं नाही त्याच्यावर कारकुनाला टिप्पणीच लिहिता येत नाही. टिप्पणी नाही तर साहेबांसमोर काय ठेवणार?

म्हणून तुझ्या भावाचं स्वतंत्र पत्र हवं, एक पान, जास्त नाही. विषय ओळीत 'आंतरदेशीय दत्तक प्रकरण, आदेश प्रलंबित असल्याबाबत', खाली संदर्भ म्हणून काराच्या एनओसीचा नंबर आणि तारीख, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखल झाला ती तारीख. मुलाचं नाव नको, केस नंबर पुरे. मग चार ओळीत हकिगत आणि शेवटी एकच मागणी. कायद्यात स्पष्ट आहे, कलम ६१, दत्तकाचं प्रकरण दाखल झाल्यापासून दोन महिन्यात निकाली काढायचं. तेवढं एक वाक्य लिहा आणि त्या मुदतीच्या आधाराने निर्णय द्यावा म्हणा. दया करा, आई आजारी आहे, दिवाळी गेली हे सगळं खरं असलं तरी त्या पानावर नको.

थोडं मागचंही सांगतो म्हणजे राग कुणावर काढायचा ते कळेल. आधी या ऑर्डरी कोर्ट द्यायचं. २०२१ ला कायदा बदलला आणि १ सप्टेंबर २०२२ पासून ते काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे म्हणजे कलेक्टरांकडेच आलं, कोर्टात फार वेळ जातो म्हणून. त्यावरून मुंबई हायकोर्टात केस झाली, आणि कोर्टात आधीपासून चालू असलेली प्रकरणं कलेक्टरांकडे पाठवायला हायकोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम स्थगिती दिली, त्या काळात बऱ्याच जणांना कळेना की आपली केस नक्की कुणाकडे. हेतू चांगलाच होता पण कलेक्टरच्या डोक्यावर जमीन, पूर, निवडणूक, रेशन, मंत्र्यांचे दौरे सगळंच असतं, त्यात वर्षाला हाताच्या बोटावर मोजण्याइतकी दत्तक प्रकरणं येतात, त्यातली परदेशातली आणखी कमी. ज्या टेबलाने असं प्रकरण आधी हाताळलेलं नाही ते घाबरतं, सही करायला दचकतं, उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात नको. बदलीवर आलेले साहेब तर आणखीच जपून. तेव्हा पत्रासोबत सगळ्या कागदांची यादी आणि झेरॉक्सचा नीट लावलेला संच द्या, त्या घाबरलेल्या माणसाचं काम सोपं करून द्या.

पत्राच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवकचा शिक्का तारखेसकट मारून घ्या. तो शिक्का पुढे सगळीकडे लागतो.

दूरदेशी मडगांवकर

मी अमेरिकेत राहतो, मूळ मडगावचा. काकांचं म्हणणं पटतं पण सामूहिक निवेदनाला एवढं मोडीत काढू नका असं मला वाटतं, कारण माझ्या चर्चमधल्या एका कुटुंबाची काँगोची केस मी अगदी जवळून बघितली.

काँगो म्हणजे किन्शासा राजधानी आहे तो देश. त्यांनी सप्टेंबर २०१३ मध्ये दत्तक मुलांना देशाबाहेर जायचे परवाने द्यायचंच बंद केलं. लक्षात घ्या, तिथल्या कोर्टाने दत्तक मंजूर केलेलं, मूल कायद्याने यांचं, आणि तरी विमानात बसवता येत नाही. अमेरिका, फ्रान्स, इटली, बेल्जियम, शेकडो कुटुंबं अशी लटकली. कोणी नोकरी सोडून किन्शासाला जाऊन राहिलं, कोणी इथून दर महिन्याला तिकडच्या सांभाळणाऱ्या बाईला पैसे पाठवत राहिलं. त्या लोकांनी आपापल्या खासदारांना, सिनेटरना इतकी पत्रं लिहिली, इतके फोन केले की दोन्ही पक्षांच्या लोकांनी मिळून काँगोच्या राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहिली. इटलीने तर मे २०१४ मध्ये मंत्री पाठवून सरकारी विमानातून ३१ मुलं घरी आणली. बाकीच्यांचं सुटता सुटता २०१६ उजाडलं. म्हणजे वेळ लागला, फार लागला, पण सरकारने सरकारशी बोलावं यासाठी तो गलका लागलाच. एकट्या कुटुंबाला किन्शासात कोण विचारतं?

आता दुसरी बाजू पण सांगतो कारण खोटी आशा द्यायची नाहीये. रशियाने १ जानेवारी २०१३ पासून अमेरिकन लोकांना मूल दत्तक द्यायचं बंद केलं. ज्यांची कोर्ट ऑर्डर आधी झाली होती ती मुलं आली. ज्यांनी मुलाला भेटून, मांडीवर घेऊन, परत येतो सांगून ठेवलं होतं पण ऑर्डर व्हायची होती त्यांचं सगळं तिथेच संपलं. निवेदनं, व्हाइट हाउस, सगळं झालं. युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने जानेवारी २०१७ मध्ये ती बंदी भेदभावाची होती असा निकालही दिला, पण चार वर्षांनी निकाल मिळून करायचं काय, मुलं मोठी झाली, दुसरीकडे गेली. आणि चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये नातेवाईक सोडून बाकी परदेशी दत्तक बंदच करून टाकलं, कोविडच्या आधी ज्यांना मुलं नेमून दिली होती अशी कुटुंबं २०२० पासून थांबलेली होती, त्यांच्यासाठी पण खासदारांची पत्रं गेली.

ताई, तुमच्या भावाचं बरं एवढंच की भारताने काही बंद केलेलं नाही. कायदा त्याच्या बाजूने आहे, नुसती फाइल थांबलीय. हे रशिया चीनवाल्यांपेक्षा फार वेगळं आहे, त्याला हे नक्की सांगा. आणि तिकडे त्याने स्वतःच्या मतदारसंघाच्या खासदाराला जरूर लिहावं, ब्रिटनमध्ये खासदार मतदारांची अशी पत्रं घेतात, तिथून तिकडच्या खात्याला आणि दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयाला विचारणा जाते.

डिचोलीकरीण

सगळ्यांचे खूप आभार. फोटोचं मी लगेच ग्रुपमध्ये सांगायला लावलं भावाला, दोघातिघांनी आधीच टाकले होते ते काढले. एक बाई मात्र चिडली, म्हणे फोटोशिवाय कोण सही करणार. असो.

काका, तुम्ही म्हणता तसं पत्र लिहायला बसलोय. पण मला आतून एक वाटतं की नुसतं 'दोन महिन्यात निकाली काढा' एवढंच लिहून त्या पोराचं काय चाललंय ते कळणार कसं?

बालगृहात काम केलेली

मी दत्तक संस्थेत बरीच वर्षं होते, आता कुडाळला असते. थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

उशीर झाला की पालकांना वाटतं सगळी यंत्रणा आपल्या विरोधात आहे. पण हे एवढे टप्पे आले कुठून ते बघा. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिलं, परदेशात मुलं पाठवताना काय काय गैरप्रकार होतात त्याबद्दल. कोर्टाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला, आधी मूल देशात कुणी घेतंय का बघा, परदेशी पालकांची तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी करून घ्या, नंतरही अहवाल घ्या. कारा त्यातूनच उभी राहिली १९९० मध्ये. परदेशी दत्तकाबद्दलचा आंतरराष्ट्रीय हेग करार आपण २००३ मध्ये मंजूर केला. तेव्हा ताई, निवेदनाने फरक पडतो का या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच, या देशातला परदेशी दत्तकाचा अख्खा कायदा एका पत्रातून निघालाय. पण ते पत्र मुलांसाठी होतं. आम्हाला मूल द्या असं त्यात कुठेच नव्हतं.

मडगांवकर दादा, काँगोबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं, पण तिथे सरकारने दार का लावलं तेही सांगायला हवं. खोटी कागदपत्रं, मुलांचं पुढे काय होतं याची काळजी, ही कारणं तिथल्या सरकारने दिली होती आणि ती हवेतली नव्हती. आपल्याकडेही पुण्यातल्या एका संस्थेवर सीबीआयची केस झाली होती. ज्या आईने मूल सोडलेलं नाही तिचं मूल परदेशी गेलं तर ते परत कसं आणणार? कायद्यातच मूल सोडणाऱ्या आईला फेरविचाराला साठ दिवस दिलेत, ते मी कोणाच्याही घाईसाठी कमी होऊ देणार नाही.

मात्र तुमच्या भावाच्या केसमध्ये ते सगळं होऊन गेलंय. मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं जाहीर झालंय, देशातल्या पालकांना आधी दाखवून झालंय, एनओसी आलीय. आता जो उशीर आहे त्यात मुलाचं संरक्षण कणभरही नाही. उलट नुकसान आहे, आणि तुम्ही विचारलंत ना पोराचं कसं कळणार, तर ते इथेच लिहायचं. ऐकू न येणाऱ्या मुलाचं भाषा शिकायचं वय हेच असतं. कानात मशीन असो नाहीतर ऑपरेशन करून बसवतात ते कॉक्लियर इम्प्लांट, डॉक्टर सांगतात जितकं लवकर तितकं बोलणं फुटतं. अपंगांना साधनं देणारी केंद्र सरकारची एडिप योजना आहे तिच्यातही जन्मजात बहिऱ्या मुलांच्या इम्प्लांटला पाच वर्षांची मर्यादा आहे, ती उगाच नाही. पोरगं साडेतीनचं. गेलेला महिना त्याला परत मिळत नाही. संस्थेला सांगून ऑडिओलॉजिस्टचा ताजा रिपोर्ट त्या पत्राला जोडायला लावा, निर्णय का लवकर हवा याचं कारण म्हणून. याला दया नाही म्हणत काका, हे प्रकरणाचं गांभीर्य आहे, साहेबाला टिप्पणीत लिहिता येण्यासारखं.

आणि ऑर्डर येईपर्यंत मुलाचे उपचार थांबायला नकोत, हे वेगळ्या पत्रात त्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला लिहा. आत्ता त्याच्या कानाला मशीन आहे का? नसेल तर ती मागणी आधी. भावाला म्हणावं उद्या ऑर्डर लांबली तरी ही एक गोष्ट त्याच्यासाठी करून ठेवलीस.

दूरदेशी मडगांवकर

बाई, काँगोच्या कारणांचं मान्य आहे. मी त्या कुटुंबाच्या बाजूने बघत आलो म्हणून ते लिहायचं राहिलं.

निवृत्त कारकून फोंडा

रिपोर्ट जोडायचं बाईंनी अगदी योग्य सांगितलं. साहेबांना फाइल आधी घ्यायला लेखी कारण मिळतं.

म्हापशाची आई

आणखी एक, आरटीआय. भाऊ वैनी ब्रिटिश नागरिक म्हणजे त्यांना करता येत नाही, माहितीचा अधिकार फक्त भारतीय नागरिकांना आहे. तुला येतो. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, ऑनलाइन पण करता येतो, आणि त्यांच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, नाहीतर तेच कारण सांगून परत पाठवतात. मुलाची किंवा पालकांची माहिती विचारू नकोस, खासगी म्हणून नाकारतील. एवढंच विचार की अमुक क्रमांकाचं प्रकरण कोणत्या तारखेला कोणत्या अधिकाऱ्याकडे गेलं, तिथे किती दिवस आहे, आणि कोणत्या कारणासाठी प्रलंबित आहे. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बऱ्याचदा उत्तर द्यायच्या आधी फाइलच हलते.

कारासाठी केंद्राच्या तक्रार पोर्टलवर टाका, सीपीग्राम्सवर, तिथे २०२४ पासून २१ दिवसांत निपटारा करायचा असं ठरलंय. ग्रुपचं सामूहिक निवेदन तिथेच आणि मंत्रालयाला पाठवा, पण त्यात एखाद्याची केस नको, सगळ्यांची मिळून अडचण असू दे, जिल्हा पातळीवर दोन महिन्यांची मुदत पाळली जात नाही आणि त्यावर कुणाची देखरेख नाही, असं. म्हणजे मडगांवकरांचा गलका पण झाला आणि काकांचं एक पान पण.

निवृत्त कारकून फोंडा

बरोबर. आणि हे सगळं करूनही हाललं नाही तर शेवटी हायकोर्टात रिट याचिका, ठरावीक मुदतीत निर्णय द्या एवढाच आदेश मागायचा. पर्वरीला आपल्या खंडपीठात जाऊन उपयोग नाही, मूल ज्या जिल्ह्यात आहे तिथलं खंडपीठ लागतं. कोल्हापूर सातारा सांगली सोलापूर बाजू असेल तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, मुंबईला जायला नको. मात्र त्याआधी शिक्क्याच्या प्रती आणि आरटीआयचं उत्तर हातात असू दे, वकील पहिलं तेच मागेल.

डिचोलीकरीण

आज भावाशी बोलले. त्यालाही पटलं, ग्रुपचं निवेदन फोटोशिवाय जाणार आणि आमचं पत्र वेगळं. संस्थेच्या बाईंनी सांगितलं मशीन एकाच कानाला आहे आणि ते पण जुनं, आवाज करतं, म्हणून बाल कल्याण समितीचं पत्र आधी पाठवतोय, ऑडिओलॉजिस्टची तारीख त्या घेतायत. वैनीने ते ऐकल्यावर पहिल्यांदा काहीतरी करायला मिळालं असं म्हणाली. शेवटचं विचारते, पत्र घेऊन मी स्वतः गेले तर चालेल का, आणि मराठीत लिहू की इंग्लिशमध्ये? भावाचं म्हणणं इंग्लिश बरं दिसतं.

निवृत्त कारकून फोंडा

मराठीत लिही. तिकडचं कामकाज मराठीत चालतं, कारकून ते वाचून लगेच टिप्पणी लिहील. काराला जाईल ती प्रत इंग्लिशमध्ये. तू गेलीस तर उत्तमच, पण भावाकडून तुझ्या नावाचं सही केलेलं अधिकारपत्र आणि त्याच्या पासपोर्टची प्रत घेऊन जा, नाहीतर दत्तकाचं प्रकरण गोपनीय म्हणून कोणी तुझ्याशी बोलणार नाही, आणि ते बरोबरच आहे. सोमवारी जाऊ नकोस, बहुतेक ठिकाणी सोमवार मीटिंगांत जातो. मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमाराला जा, आधी आवकमध्ये शिक्का, मग जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांना भेट, साहेबांची भेट त्यांच्यामार्फत माग.

डिचोलीकरीण

बरं काका. बुधवारी निघते.